सरीला आडवं

विमान पडलं म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न इंजिनाचा असतो. बंद पडलं होतं का? नाही. इंजिन शेवटच्या सेकंदापर्यंत शिवणयंत्रासारखं चालू होतं. मग पेट्रोल संपलं असेल? तेही नाही, आणखी दीड-दोन तास पुरेल एवढं होतं. मग झालं काय? अंधार पडत होता आणि आपण नक्की कुठे आहोत हे मला माहीत नव्हतं. इथवर आलं की समोरचा थोडा हिरमुसतो. त्याला धूर, आग असं काहीतरी हवं असतं.

आम्हा वैमानिकांत याला प्रिकॉशनरी लँडिंग म्हणतात. फोर्स्ड लँडिंग वेगळं. तिथे इंजिन गेलेलं असतं, विमान खाली येणारच असतं, तुम्ही फक्त जागा निवडायची. प्रिकॉशनरीमध्ये सगळं चालू असतं, पण पुढे जाणं धोक्याचं आहे असं ठरवून तुम्ही आपणहून एखाद्या शेतात किंवा माळावर उतरता. शिकवताना याची रीत पक्की घोटून घेतात. आधी शेत निवडायचं. मग त्याच्या कडेनं पाचशे फुटांवरून एक फेरी मारायची, त्यात विजेचे खांब, विहिरी, झाडं, उतार बघायचे. मग पन्नास-शंभर फुटांवरून दुसरी फेरी, त्यात नुसती जमीन वाचायची. मग वर जाऊन नीट वळसा घ्यायचा आणि पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) लावून, इंजिनाच्या जोरावर, कमीत कमी वेगानं उतरायचं. या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. मी हा प्रकार सरांबरोबर, म्हणजे माझ्या प्रशिक्षकांबरोबर, दोनदा केला होता. दोन्ही वेळा सकाळी दहाच्या लख्ख उन्हात.

साल २०११, जानेवारी, संक्रांतीचा आठवडा. मी शिकाऊ वैमानिक, उड्डाणाचे जेमतेम सत्तर तास झाले होते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, त्यातले बरेच एकट्यानं लांबच्या उड्डाणांचे. त्या दिवशीचं उड्डाण त्यातलंच: आमच्या तळावरून सोलापूर आणि परत. विमान सेसना १५२. दोन माणसांचं, ११० अश्वशक्तीचं, वजन भरून साडेसातशे किलोच्या आसपास. आत बसलं की शेजाऱ्याचा खांदा आपल्या खांद्याला लागतो. जीपीएस नव्हतं. मांडीवर नकाशा, मनगटावर घड्याळ, समोर होकायंत्र. मागच्या पिशवीत बंद करून ठेवलेला साधा मोबाइल आणि आईनं डोंबिवलीहून पाठवलेले तिळाचे लाडू.

जाताना काही झालं नाही. परत निघताना सोलापूरला मॅग्नेटो तपासणीत अडकलो. या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून एकेक बंद करून बघायची. फेऱ्या थोड्या उतरतात, त्या १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नयेत. माझ्या उजव्या मॅग्नेटोवर दोनशे उतरल्या आणि इंजिन खोकायला लागलं. बहुतेक वेळा हा प्लगवर साचलेल्या काजळीचा खेळ असतो. मिश्रण पातळ करून मिनिटभर जोरात चालवलं की काजळी जळून जाते. पहिल्या खेपेला गेली नाही. परत आलो, इंजिन बंद केलं, सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "घाई करू नकोस. पुन्हा करून बघ. सव्वापाचच्या आत उडालास तर ये, नाहीतर तिथेच मुक्काम कर. लॉजचे पैसे मी देतो."

दुसऱ्या खेपेला फेऱ्या शंभरच उतरल्या. पाच वाजून बारा मिनिटांनी मी हवेत होतो. आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला मुदत पाळल्याचाच आनंद झाला होता. तासाभराचं अंतर, म्हणजे सहा-दहाला पोचणार. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडणाऱ्याला सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंत सूट असते. सगळं नियमात बसत होतं. त्या हिशोबात चुकायला मात्र जागा नव्हती.

जानेवारीतल्या संध्याकाळी पश्चिमेकडे उडणं काय असतं ते जमिनीवरून कळत नाही. ऊसतोड जोरात चालू असते, तोडलेल्या फडांत पाचट पेटवलेलं असतं, कारखान्यांची धुराडी चालू असतात आणि थंडीमुळे तो सगळा धूर वर न जाता हजार-दोन हजार फुटांवर झाकणासारखा पसरून राहतो. सरळ खाली पाहिलं की बैलगाडीसुद्धा दिसते. समोर पाहिलं की केशरी भिंत. त्या भिंतीत उजव्या हाताला मला महामार्ग आणि रेल्वेचा रूळ दिसायला हवा होता. दिसत नव्हता. मी म्हटलं, धुक्यात असेल.

माझी पहिली खूण होती साखर कारखान्याचं धुराडं आणि त्याच्याजवळ भीमेवरचा पूल. पाच चाळीसला धुराडं दिसलं. वेळेवर. नकाशावर टिक केली. पूल दिसला नाही. सर नेहमी सांगायचे, एका खुणेवर विसंबायचं नाही, दोन जुळल्या पाहिजेत. पण सोलापूर जिल्ह्यात धुराड्यांना काय तोटा? त्या भागात एका कारखान्याच्या धुरात दुसऱ्याचा धूर मिसळतो. मला जो कारखाना हवा होता त्याऐवजी मी भलत्याच कारखान्यावर टिक मारून बसलो होतो. थोड्या वेळानं नदी आली तीही मी भीमाच धरली. ती नीरा होती.

हे कसं झालं ते नंतर कागदावर मांडल्यावर कळलं. आम्ही दिशा बघतो ती मुख्यतः जायरोवर, म्हणजे भोवऱ्यासारख्या वेगानं फिरणाऱ्या चाकावर, चालणाऱ्या तबकडीवर, कारण होकायंत्र विमानाच्या हालचालीबरोबर डुलत राहतं. पण ती तबकडी हळूहळू सरकते, म्हणून दर पंधरा मिनिटांनी तिला होकायंत्राशी जुळवून घ्यायचं. मी सोलापूर सोडल्यापासून एकदाही जुळवलं नव्हतं. डोक्यात प्लगची काजळी होती. शिवाय ईशान्येचा वारा मला दक्षिणेकडे ढकलत होता. साठ मैलांत एका अंशाची चूक म्हणजे एक मैल बाजूला, हे गणित आम्हाला पहिल्या महिन्यातच पाठ करायला लावतात. माझी चूक बारा अंशांच्या आसपास होती. पन्नास मैलांत दहा मैल. दहा सागरी मैल म्हणजे साडेअठरा किलोमीटर.

सहा-दहा वाजले, तळ नाही. तळाच्या फ्रिक्वेन्सीवर हाक मारली, उत्तर नाही. आणखी पाच मिनिटं जाऊ या, म्हटलं. मग आणखी पाच.

यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे उजेड. मी जमिनीपासून अडीच-पावणेतीन हजार फूट वर होतो. तिथे सूर्य अजून दिसत होता. मांडीवरचा नकाशा स्वच्छ वाचता येत होता, पंखाची कड सोन्यासारखी चमकत होती. घड्याळ काहीही सांगो, डोळे सांगत होते की भरपूर वेळ आहे. मग खाली एका रस्त्यावर मोटारसायकलचा दिवा दिसला. एकच ठिपका, हळूहळू सरकणारा. त्या माणसाला दिवा लावावा लागला होता. माझ्या पोटात तेव्हा पहिल्यांदा गोळा आला. नीट पाहिलं तर वस्त्यांवरचे बल्बही लागलेले होते.

सहा-एकोणीसला मी उतरायचं ठरवलं. ठरवलं तेव्हा मन एकदम शांत झालं, हे खरं आहे. काम होतं समोर. रेडिओवर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर पॅन-पॅन, म्हणजे अडचणीत असल्याचा इशारा, दिला. कुणी ऐकला की नाही माहीत नाही. शेत शोधायला लागलो.

त्या पट्ट्यात वरून सगळा ऊस. वरून तो मऊ गालिच्यासारखा दिसतो, पण दहा फूट उंच, बांबूइतका टणक गालिचा. मध्ये एक मोठा काळसर चौकोन दिसला. ऊस तोडून पाचट जाळलेला फड. खांब एका कडेला, झाडं दुसऱ्या कडेला, लांबी पुरेशी. टेबलासारखा सपाट. कारखान्याचा धूर नैर्ऋत्येकडे वाकत होता, म्हणजे वारा ईशान्येचा. वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं, तेव्हा दिशाही ठरली.

चारशे फुटांवरून एक फेरी मारली. दुसरी, खालची फेरी मारली नाही. तेवढ्यात उजेड जाईल असं वाटलं, आणि खोटं नव्हतं ते. वळसा घेऊन आत वळलो. फ्लॅप तीस अंश, वेग ५४ नॉट, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. सरांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली आणि केली: दाराची कडी उघडून मध्ये नकाशाची घडी सारली, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही. दोनशे फुटांवर दिवा लावला. आधी नुसता धूर उजळला. मग एकदम, फार जवळ, उसाची खोडकी दिसली आणि त्यांच्यामध्ये पट्टे. उजेड, काळोख, उजेड, काळोख.

सऱ्या होत्या. चार-चार फुटांवर सऱ्या आणि वरंबे, आणि मी त्यांना आडवा चाललो होतो. सूर्य असता तर प्रत्येक वरंब्याची सावली पडली असती आणि ते शेत वरून कंगव्यासारखं दिसलं असतं. सूर्य बुडाल्यावर सावल्या जातात. त्याबरोबर जमिनीची खोलीही जाते.

मागची चाकं टेकली, धप्. उचललो गेलो. पुन्हा धप्. मी नाक वर धरायला पूर्ण ताकदीनं दांडा ओढला होता, पण वेग संपला तसं नाक खाली आलं, पुढचं चाक सरीत शिरलं आणि काहीतरी काडकन मोडलं. समोरच्या काचेत फक्त माती. मग पाय वर गेले.

त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. इंजिन थांबलेलं, पण समोरच्या तबकड्यांमधले जायरो अजून फिरत होते, बारीक शिट्टीसारखा आवाज करत, हळूहळू मंदावत. मी पट्ट्याला उलटा लटकत होतो. डोक्याखाली छत, आणि छतावर तिळाचे लाडू पसरलेले. कुठूनतरी थेंब पडत होते, टप टप, आणि पेट्रोलचा वास. मास्टर स्विच बंद केला, चावी काढली. मग मूर्खासारखा सरळ पट्टा सोडला. आधी एक हात छताला टेकवायचा असतो, मग पट्टा सोडायचा. मी डोक्यावर पडलो. माझी मान जी दोन महिने दुखली ती अपघातानं नाही, त्यानं दुखली.

दार उघडलं. नकाशाची घडी अजून तिथेच होती.

पहिली आली ती शेजारच्या फडावरची ऊसतोडीची माणसं, बीडकडची, कोप्या टाकून राहिलेली. बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर आला.

"जित्ता हाय! ए, जित्ता हाय!"

"एकलाच हाईस का रं? आत आजून कुनी?"

"एकटाच," मी म्हटलं, आणि तेवढ्यात बॅटरीवाल्याच्या मागे एक लाल ठिपका दिसला. एक म्हातारे बाबा बिडी ओढत वाकून बघत होते. माझ्या मागे पंखातून पेट्रोल ठिबकत होतं. मी जीव खाऊन ओरडलो, "बिडी! बाबा, बिडी!"

बाबांना दया आली. त्यांनी तोंडातली बिडी काढून माझ्यापुढे धरली.

एका बाईनं त्यांच्या हातावर फटका मारून ती बिडी पाडली आणि चपलेखाली चिरडली. तिला वास आला होता. "रॉकेल गळतंय आन् तुमी बिडी पाजताय," म्हणाली. मग मला दोघांनी काखेत धरून शंभर पावलं लांब नेलं, पोत्यावर बसवलं, आणि त्या बाईनं तांब्याभर पाणी दिलं. ते प्यायल्यावर मी थरथरायला लागलो. त्याआधी एकदाही नाही.

पुढचं भराभर सांगतो. शेताचे मालक आले, पोलीस आले, मला ग्रामीण रुग्णालयात नेलं. मानेला पट्टा, खांद्यावर सीटबेल्टचा निळा वळ, बाकी काही नाही. दारू प्यायलो नव्हतो ना यासाठी रक्ताचा नमुना. सर रात्री साडेअकराला गाडी घेऊन आले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "जेवलास का?"

विमानाला परवानगीशिवाय हात लावायचा नसतो, म्हणून रात्रभर तिथे एक हवालदार बसला. सकाळी पंचनामा झाला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यात विमानाचं वर्णन आहे, मोडलेल्या पंख्याचं आहे, आणि 'तिळाचे लाडू, नग सात' अशीही नोंद आहे. आईनं अकरा दिले होते. चार मी सोलापूरला खाल्ले होते, त्यामुळे हिशोब बरोबर आहे.

चौकशीला दोन अधिकारी आले. मला भीती होती की दोषी ठरवायला येतायत. त्यातले वयानं मोठे होते त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आमचं काम पुन्हा असं होऊ नये हे बघणं आहे, कुणाला शिक्षा करणं नाही. विमान अपघातांच्या चौकशीचं जगभर हेच तत्त्व आहे, पण ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि मानेला पट्टा बांधून समोरच्या माणसाकडून ऐकणं वेगळं. त्यांनी टेप धरून चाकांच्या खुणा मोजल्या. टेकल्यापासून उलटेपर्यंत ३१ मीटर. माझा नकाशा मागून घेतला. त्यावरच्या माझ्या टिका बघून काही बोलले नाहीत.

मग एका टेबलावर बसून आम्ही वेळा मांडल्या. पाच चाळीस, पूल दिसला नाही. तेव्हा मागे वळलो असतो तर सोलापूरला दिवसाउजेडी पोचलो असतो. सहा वाजता मी हरवल्याचं मला कळलेलं होतं, कबूल केलं नव्हतं.

"पुण्याच्या रडारला का विचारलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी गप्प.

"रेडिओ चालू होता?"

"होता."

"मग?"

"लाज वाटली, सर."

त्यांनी ते लिहून घेतलं. कुठल्या शब्दांत ते मी पाहिलं नाही. मग म्हणाले, "उतरायचा निर्णय चुकला नाही. पण तो सहा-एकोणीसचा नव्हता. सहा वाजता घेतला असता तर तुला दोन फेऱ्या मारायला उजेड होता." माझ्या मते त्या सगळ्या चौकशीचं सार एवढंच होतं. पुढे अहवालात ते पानभर झालं.

विमानाचे पंख काढून ते ट्रकवर चढवलं त्या दिवशी मी पुन्हा तिथे होतो. शेतमालक अप्पा बांधावर उभे होते. ट्रक आत आणायला खोडव्याच्या काही सऱ्या मोडाव्या लागल्या होत्या, त्याची भरपाई ठरली होती, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते माझ्या चाकांच्या खुणांवरून चालत गेले, शेवटच्या खड्ड्यापाशी थांबले.

"गाव कंचं तुमचं?"

"डोंबिवली."

"तरीच." हातानं त्यांनी आडवी रेघ मारली. "सरीला आडवं कोन घालतंय? ट्रॅक्टर सुदीक घालत न्हाई. सरीसरीनं आला असता तर तुमचं इमान हितं उभं ऱ्हायलं असतं. च्या पिऊन गेला असता."

मी सांगितलं की वारा समोरून घ्यायचा असतो. त्यांनी मान डोलावली, आणि मग अगदी सहज म्हणाले, "त्या दिशी वारा हुता कुठं?"

खरंच, चार-पाच नॉट असेल. धूर वाकण्यापुरता. एवढ्या वाऱ्याला बाजूनं घेऊन उतरणं मला सहज जमत होतं. पुस्तकात वाऱ्याचा नियम आधी येतो, म्हणून मी तो आधी पाळला. सऱ्या आहेत हेच मला दिसलं नव्हतं हे खरं, पण उसाच्या फडात सऱ्या असतात हे न दिसताही माहीत असायला हवं होतं.

पुन्हा मेडिकल, पुन्हा सरांबरोबर उड्डाणं, पुन्हा चाचणी. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी सर म्हणाले, चल. सूर्यास्ताला पंधरा मिनिटं होती. तळाभोवतीच अडीच हजार फुटांवर चढवलं आणि नुसतं गोल फिरवत ठेवलं. बोलले नाहीत. पंखाच्या कडेवर तीच सोनेरी रेघ. मग खाली बोट दाखवलं. "तो रस्ता बघ. काय चाललंय त्यावर?"

"मोटारसायकल, सर."

"कशावरून?"

"दिवा दिसतोय."

"हं. उतरव आता."

धावपट्टी वरून स्वच्छ दिसत होती. शंभर फुटांवर आल्यावर ती राखाडी झाली आणि पसरली, कड कुठे आणि जमीन कुठे ते कळेना. मी सहा-सात फूट आधीच नाक उचललं आणि विमान धपकन बसलं. माझे हात ओले झाले होते. सर म्हणाले, "परत."

दुसरं थोडं बरं झालं. मी तिसऱ्यासाठी विमान वळवायला लागलो, तर त्यांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. इंजिन बंद केलं. आम्ही दोघांनी खाली उतरून विमान ढकलत हँगरकडे नेलं. आत दिवा लावल्याशिवाय काही दिसत नव्हतं.